चकचकीत फरशी आणि भक्ताचा पाय

देवळात कुणी पाय घसरून पडले की भोवतालची माणसे दोनपैकी एक वाक्य बोलतात. थोडक्यात निभावले तर ‘देवीनेच वाचवलं’ आणि नाही निभावले तर ‘देवाच्या दारी मरण आलं, पुण्यवान जीव’. दोन्ही वाक्ये श्रद्धेतून येतात, दुखावलेल्या घराला धीर देतात, म्हणून त्यांची टर उडवण्याचे कारण नाही. पण दोन्हींतून एक गोष्ट हळूच सुटून जाते, ती म्हणजे फरशी. ती कुणी पसंत केली, तिला इतके पॉलिश का मारले, तिच्यावर पाणी कुठून आले, दूध सांडले ते पुसणे कुणाच्या वाट्याचे होते, हे प्रश्न गवंड्याचे आणि झाडलोट करणाऱ्याचे मानले जातात. कीर्तना-प्रवचनात त्यांना जागा नाही. माझे म्हणणे असे, की देवळाच्या फरशीचा निसरडेपणा हा धर्माच्या आतला प्रश्न आहे. ती निसरडी होते ती आपल्याच पूजेने, म्हणून तिला पुन्हा पाय धरण्याजोगी करणे हेही त्या पूजेचेच उरलेले अंग आहे.

धुळे शहराचा पांझरेपलीकडचा भाग म्हणजे देवपूर. तिथे नदीकाठी एकवीरा देवीचे ठाणे आहे. खान्देशातल्या असंख्य घरांची ती कुलस्वामिनी. चैत्रातली यात्रा आणि आश्विनातले नवरात्र हे गर्दीचे दिवस, पण एरवीही नवी जोडपी, जावळ काढायला आणलेली लेकरे, नवस फेडायला आलेली कुटुंबे यांचा राबता असतोच. या मंदिराच्या फरशीचे गुणदोष काढणे हा इथला हेतू नाही. विचारासाठी हे ठाणे घेतले ते एका कारणासाठी: कुलदेवतेला जाणे हे आवडीनिवडीचे काम नसते. गिऱ्हाईक दुकान बदलू शकते, पर्यटक गाव बदलू शकतो. कुळधर्म पाळणाऱ्या माणसाला देवी बदलता येत नाही. गुडघे धरलेली आजी असो की कडेवर पोर घेतलेली सून, तिला याच उंबरठ्यावर यायचे आहे. ज्याला न येण्याची मुभा नाही त्याच्या पायाखालच्या जमिनीची जबाबदारी ती जमीन राखणाऱ्यावर अधिक पडते, हे साधे न्यायाचे सूत्र आहे. शिवाय हा माणूस अनवाणी येतो. दारातल्या नळावर पाय धुतो, म्हणजे तळवे ओले. दोन्ही हातांत ओटीचे ताट, नजर मुखवट्यावर. धुळ्या-जळगावचा चैत्र म्हणजे पारा चाळिशीपार. तापलेल्या फरशीने तळवे पोळू नयेत म्हणून कुणी अंगणात पाणी मारतो, कुणी पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढतो. ही निखळ दया आहे. पण वाळू न मिसळलेला रंग ओला झाला की दगडापेक्षाही बेभरवशाचा होतो, आणि पोळण्यापासून वाचलेला पाय घसरण्याच्या तोंडी जातो. चांगल्या हेतूने केलेली कृती हेतूच्या पलीकडे काय करते, हा या विषयाचा गाभा आहे, आणि तो फक्त देवळांचा नाही. मशिदीच्या वजूखान्याला आणि गुरुद्वाऱ्याच्या दारातल्या पाय धुण्याच्या पाण्यालाही तो लागू आहे.

दगड ओला होतो म्हणजे नेमके काय होते ते पाहायला हवे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. कोरड्या, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर अनवाणी पाय तसा बरा टिकतो. निसरडेपणा एकट्या दगडात नसतो. तो दगड आणि तळवा यांच्यामध्ये शिरलेल्या पाण्याच्या पापुद्र्यात असतो. टाच टेकते त्या क्षणी ते पाणी बाजूला सरायला हवे. दगडाला बारीक उंचवटे असतील तर ते पापुद्रा फोडून तळव्याला भिडतात आणि पाण्याला खळग्यांतून वाट मिळते. आरशासारख्या फरशीवर पाणी कोंडते आणि माणूस क्षणभर दगडावर नसतोच, पाण्यावर असतो. हे उंचवटे किती हवेत याचे आकडे उपलब्ध आहेत. ब्रिटनमधल्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेच्या मार्गदर्शनात साध्या पाण्यासाठी पृष्ठभागाचा खडबडीतपणा किमान २० मायक्रॉन, दूध किंवा साबणाच्या पाण्यासाठी ४५ आणि तेलासाठी ७० मायक्रॉनच्या घरात सांगितला आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे कोष्टक बूट घालून काम करणाऱ्यांसाठी, कारखाने आणि स्वयंपाकघरे डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे, त्यात कॉफी आणि मार्गारिनही आहे. तरी मराठी वाचक ते वाचू लागला की त्याला अभिषेकाचे तबक दिसू लागेल: आधी पाणी, मग दूध, मग तूप-तेल. आपण देवाला जे जे वाहतो ते चढत्या क्रमाने निसरडे आहे, आणि ते ज्यावर सांडते तो दगड आपण एका मायक्रॉनच्या आसपास घासून गुळगुळीत करून घेतो.

उपायांत गूढ काही नाही. ग्रॅनाइटला ज्योतीची झळ दिली की त्यातले स्फटिक फुगून उडतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो; त्याला फ्लेम फिनिश म्हणतात. टाकीने किंवा दातेरी हातोड्याने ठोकून तेच काम होते. बसलेली फरशी उखडायची नसेल तर रासायनिक प्रक्रिया असते: फ्लोराइडयुक्त आम्लाचे द्रावण ग्रॅनाइटमधल्या किंवा सिरॅमिक लादीतल्या सिलिकाशी झगडून डोळ्यांना न दिसणारे खळगे पाडते. हे द्रव हाताळणाऱ्याच्या कातडीतून आत शिरून हाडांतल्या कॅल्शियमला भिडू शकते, तेव्हा ‘आमचा पोऱ्या करून टाकेल’ म्हणण्याचे हे काम नव्हे. संगमरवराची गोष्ट निराळी. तो चुन्याच्या कुळातला दगड. आम्ल लागले की पॉलिश जाते, डाग पडतात, दगड खचतो, पण भरवशाची पकड येईलच असे नाही. अभिषेकाचे दहीसुद्धा तेवढे नुकसान करते. त्याला चर पाडणे किंवा वाटेपुरती वेगळी लादी बसवणे बरे. याशिवाय वाळू किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण मिसळलेले लेप आहेत, पायऱ्यांच्या कडेला चिकटवायच्या खरखरीत पट्ट्या आहेत, काथ्याच्या चटया आहेत. मोजमापही आहे. लोलकाला रबराचा तुकडा लावून तो ओल्या फरशीवरून झुलवतात; आकडा ३६ किंवा वर आला तर घसरण्याचा धोका कमी, २५ च्या खाली आला तर जास्त. अनवाणी पायांच्या जागी मऊ रबर वापरतात. जर्मनीत तर साबणाचे पाणी सोडलेल्या पाटावरून माणूस अनवाणी चालवतात आणि पाटाचा उतार वाढवत नेतात. १२, १८ आणि २४ अंशांवर अ, ब, क अशा श्रेण्या ठरतात. लादीच्या खोक्यावर ‘आर-१०’, ‘आर-११’ असे छापलेले असते ते मात्र बूट घालून, तेल ओतून केलेल्या चाचणीचे. विश्वस्त मंडळी दुकानात तोच आकडा पाहून समाधानाने परततात, म्हणून हा तपशील सांगितला.

आता तो प्रसंग, ज्याच्याशिवाय महाराष्ट्रात हा विषय बोलता येत नाही. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा. सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईची यात्रा भरली होती. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या, काही भाविक घसरून पडले, मागच्यांचा रेटा थांबला नाही. चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आगी लागल्या, गॅसच्या टाक्या फुटल्या. २९० हून अधिक माणसे गेली. सरकारने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. एवढ्या मोठ्या अनर्थाला एक कारण नसते. अरुंद वाट, दाटीने लागलेली दुकाने, गर्दीचे नियोजन, आग हे सारे त्यात आहे. तरी त्या साखळीच्या सुरुवातीला नारळाचे पाणी आहे, आणि विचार करणाऱ्याने तिथे थांबायला हवे. त्या दिवशी नारळ फोडणाऱ्या एकाही माणसाने काही वाईट केले नाही. प्रत्येकाने एक नारळ फोडला. एका नारळातून पाणी पडते पेलाभर, ते उन्हात वाळून जाते. हजारो निर्दोष कृत्यांची बेरीज मात्र प्राणघातक झाली. आपल्या धर्मविचाराला एका माणसाच्या कृतीसाठी पाप आणि पुण्य असे नेमके शब्द आहेत. ज्यात कुणा एकाचे पाप नाही अशा बेरजेसाठी आपल्याजवळ शब्दच नाही, म्हणून आपण तिथे ‘दैव’ म्हणतो. मला ही पळवाट वाटते. बेरजेलाही कर्ता असतो: ज्याला ती बेरीज दिसते तो. भाविकाला स्वतःचा एक नारळ दिसतो. देवस्थानाला सगळे दिसतात, दरवर्षी दिसतात, त्यांच्या विक्रीचा हिशेबही त्याच आवारात होत असतो. ज्याच्या नजरेच्या टप्प्यात बेरीज आहे, कर्तव्य त्याचे. हे मान्य केले तर फरशीचा प्रश्न नशिबाच्या खात्यातून निघून विश्वस्तांच्या खात्यात जमा होतो.

यावर पहिला आक्षेप श्रद्धेचाच येईल. मरण जिथे, जसे लिहिले आहे तिथे, तसे येणार. दगडाला खाचा पाडून विधिलिखित बदलते का? हा आक्षेप वाटतो तितका शास्त्राधारित नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही, पण ते शेवटी मोजले आहे आणि एकट्याला पूर्ण कारण मानलेले नाही. चार कारणांचा हिशेब न देता पाचव्याकडे बोट दाखवणे म्हणजे गीता अर्धी वाचणे. योगवासिष्ठ तर याहून कठोर आहे. आधी केलेल्या पुरुषार्थाचेच नाव दैव, असा त्याचा रोख आहे. आणि धुळ्याला हा वाद परका नाही. १९३२ साली, फेब्रुवारी ते जून, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एकेका अध्यायावर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून आज आपल्याजवळ ‘गीता प्रवचने’ आहेत. त्यांत कर्म आणि विकर्म, म्हणजे बाहेरच्या कर्माला लागणारी चित्ताची जोड, समजावताना विनोबांनी शिवपिंडीवरच्या अभिषेकाचाच दाखला घेतला आहे. बाहेर पाण्याची धार चालू आणि आत चित्ताची धार नाही, तर त्या अभिषेकाला अर्थ नाही, असा त्यांचा आशय. तो मी एक पाऊल पुढे नेतो. पाण्याची धार पिंडीवर संपत नाही. ती पिंडीवरून खाली येते, गाभाऱ्यातून बाहेर पडते, फरशीवर पसरते आणि मागून येणाऱ्या कुणाच्या तरी पायाखाली जाते. चित्ताची धार पिंडीपाशीच थांबली आणि पाण्याची पुढे गेली, तर कर्माचा उरलेला भाग विकर्मावाचून राहिला. जुन्या शिल्पींना पाण्याच्या या प्रवासाचे भान होते. गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी बाहेर नेण्यासाठी त्यांनी गोमुख कोरले, शंकराच्या प्रदक्षिणेत ती वाट ओलांडायची नाही असा दंडक घातला. कारण त्यांनी पावित्र्याचे सांगितले असेल. परिणाम असा झाला, की चालणारा पाय आणि वाहते पाणी यांची गाठ पडेनाशी झाली.

दुसरा आक्षेप तपाचा. देवाची वाट अवघडच असावी, सुखाने गेले तर यात्रा कसली? सप्तशृंगीला चैत्रात खान्देशातून पायी निघालेल्या माणसाला या बोलण्याचा अर्थ चांगला कळतो, आणि मीही तो खोटा मानत नाही. पण तप म्हणजे समजून-उमजून पत्करलेला त्रास. चालून आलेले फोड हे तप. ओल्या पायरीवर मोडलेले खुब्याचे हाड हा अपघात. पडणाऱ्याने पडणे निवडलेले नसते, आणि गर्दीत तो दुसऱ्याला घेऊन पडतो. गीतेने सतराव्या अध्यायात स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला तामस ठरवले आहे, तिथे दुसऱ्याच्या बेफिकिरीने कपाळी आलेल्या इजेला तप म्हणणे तर फारच ओढूनताणून होईल. याला लागूनच एक व्यवहारी आक्षेप येतो: लोकांनी जपून चालावे, फरशीला कशाला दोष? एकट्यादुकट्या माणसाला हे सांगता येते. पण एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे दाटली की कुणी आपल्या मर्जीने पाऊल टाकत नाही. जमाव लाटेसारखा हलतो आणि पाय मिळेल तिथे पडतो. शिवाय देऊळ माणसाला खाली बघायला सांगतच नाही. कळस बघा, मुखवटा बघा, हात जोडा, डोळे मिटा. ज्या जागेने डोळे मिटायला शिकवायचे तिनेच ‘बघून चालता येत नव्हते का’ म्हणून विचारावे, हे बरे दिसत नाही.

तिसरा आक्षेप पावित्र्याचा आणि परंपरेचा आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. देवाच्या जागेला आम्ल लावायचे? पूर्वजांचा दगड टोचायचा? याचे उत्तर पंढरपुराने आधीच दिले आहे. शतकानुशतके पदस्पर्श घडून विठ्ठलाच्या पायांची झीज झाली, तेव्हा मूर्तीवर रासायनिक वज्रलेप करण्यात आला, तोही एकदा नव्हे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी संवर्धन केले. खुद्द मूर्तीला रसायन चालते तर तिच्यापासून दहा हातांवरच्या लादीला का चालू नये? हातांच्या स्पर्शाने देवाचे पाय झिजले तर आपण तज्ज्ञ बोलावतो. पायांच्या घासण्याने पायरी झिजून गुळगुळीत झाली तर ‘किती जुनी, किती पावन’ म्हणून कौतुक करतो. झीज दोन्हीकडे तीच आहे. घरातले जाते वापरून गुळगुळीत झाले की टाकीवाल्याकडून टाकवून घेत. दगडाचा अपमान झाला असे कुणाला वाटले नाही, कारण दळण नीट पडणे हाच त्या दगडाचा मान होता. परंपरेचा मुद्दा तर चकाकीच्याच विरोधात जातो. काळ्या पाषाणाच्या देवळांत ग्रॅनाइट आणि सिरॅमिक लाद्या घुसल्या त्या अलीकडच्या जीर्णोद्धारांत. पंढरपुरात २०२४ साली संवर्धनाच्या कामात मागाहून बसवलेले ग्रॅनाइट काढून मूळ दगड मोकळा केला गेला. तेव्हा जिथे पुरातन फरशी आहे तिथे तिला हात न लावता चटया आणि पाण्याची वाट यांवर भागवावे, आणि जिथे पॉलिश केलेला दगड गेल्या वीस-तीस वर्षांत बसला आहे तिथे परंपरेचे नाव पुढे करू नये. स्वच्छतेची अडचण मात्र खरी आहे. खरखरीत फरशीत कुंकू, हळद, तूप बसते, नुसत्या फडक्याने निघत नाही. म्हणून सगळे देऊळ खवल्यासारखे करून टाकण्याचा आग्रह नको. पाय धुण्याची जागा, उंबरठ्याच्या आतले पहिले काही हात, पायऱ्या, प्रदक्षिणेची वाट आणि तीर्थ-प्रसादाची रांग, एवढ्या ठिकाणी पकड हवी. बाकीच्या जागी तुमची हौस.

हौस हा शब्द मुद्दाम वापरला. चकाकी ही देवाची मागणी असल्याचा पुरावा कुठे नाही. ती देणगीदाराची असते. चकचकीत फरशीचे छायाचित्र छान येते, तिच्यात समईचे प्रतिबिंब दिसते, आणि तिच्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ ही अक्षरे उठून दिसतात. (अशा कित्येक फरश्यांवर पायाला थोडीफार पकड मिळते ती त्या कोरलेल्या नावापाशीच.) देवाला सुंदर द्यावे ही भावना चुकीची नाही, पण हे सौंदर्य कुणाच्या अंगावर खर्ची पडते ते पाहिले पाहिजे. तरणाताठा माणूस घसरला तर सावरतो, हसतो, पुढे जातो. सत्तरीची बाई एकदा खुब्यावर पडली की पुन्हा देवळात येणे बहुधा घडत नाही, आणि तिची अवस्था पाहून तिच्या वयाच्या चौघी ‘आम्ही घरूनच हात जोडतो’ म्हणू लागतात. काठी टेकणाऱ्याला, कुबडीवाल्याला पॉलिश केलेली ओली फरशी म्हणजे बंद दारच. इथे साने गुरुजींची आठवण होते. अमळनेरच्या या शिक्षकाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले ते विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून. त्या अन्यायाशी फरशीची बरोबरी करणे ही अतिशयोक्ती आहे, असे कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. तिथे माणसाला हीन ठरवणारा हेतू होता, इथे फक्त लक्ष नाही. पण दार बंद ठेवण्याचा हेतू नव्हता एवढ्याने ते उघडे होत नाही. कायद्यालाही हे पटलेले आहे: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक कामासाठी लोक वापरतात त्या इमारतीही येतात, मग त्या सरकारी असोत वा खासगी.

एक शंका उरते, आणि ती तंत्राच्या बाजूने येते. प्रक्रिया केली, पावती मिळाली, आता फरशी सुरक्षित, असे समजले तर नवीनच आंधळेपणा सुरू होतो. आम्लाने पाडलेले खळगे तुपाने, साबणाच्या साक्याने भरून येतात. लेप वर्दळीच्या वाटेवरच आधी झिजतो. पट्टीची कडा सुटली की तीच पायात अडकते. ही प्रक्रिया एकदा करून मोकळे व्हायचे काम नाही. आपल्या शास्त्रात नित्य आणि नैमित्तिक असा कर्माचा भेद आहे. जीर्णोद्धार नैमित्तिक: त्याला मुहूर्त असतो, पाहुणे असतात, कोनशिला असते. फरशीची पकड राखणे नित्यात मोडते: रोज ब्रशने घासणे, चिकटपणा काढणारा क्षार वापरणे, धुतल्यावर पाणी ओढून काढणे, वर्षातून एकदा लोलकाने तपासणे. गाडगे महाराजांनी उभ्या आयुष्यात हातातला खराटा सोडला नाही तो याच नित्यकर्माचा मान राखून. धुळ्यातच ज्यांची हस्तलिखिते समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवली आहेत त्या रामदासांनी दासबोधात यत्नावर समास लिहिले, तेही एकदाच्या पराक्रमासाठी नाहीत. रोज, सावधपणे, न कंटाळता करायच्या गोष्टींसाठी आहेत.

तरीही तेलापुढे या सगळ्या उपायांचे हात टेकतात. पाण्यापुरती केलेली प्रक्रिया तेलाला पुरत नाही, आणि तेलाला पुरेल इतका खडबडीत दगड अनवाणी तळव्याला बोचतो. म्हणजे काही ठिकाणी फरशी बदलून भागणार नाही, वाहण्याची रीत बदलावी लागेल, आणि इथे बरेच जण दचकतात. मांढरदेवला २००५ नंतर यात्रेच्या काळात पशुबळीबरोबरच नारळ फोडणे आणि तेल वाहणे यांवरही प्रशासनाने बंदीचे आदेश काढले. ही बंदी श्रद्धेवरचा घाला मानणारे आहेत. पण नारळ मुळात बळीच्या जागी आला, असे आपल्याकडे परंपरेनेच मानले जाते. म्हणजे ज्याला आपण न बदलणारा विधी म्हणतो तो स्वतःच एका दयाळू बदलातून झालेला आहे. सरसकट बंदीही मला अपुरी वाटते, कारण ती विधी काढून घेते आणि बदल्यात काही देत नाही. नारळ फोडायचा दगड दर्शनाच्या वाटेपासून बाजूला न्यावा, त्याखाली लोखंडी जाळी आणि पन्हळ असावी. तेल मूर्तीच्या पायाशी ओतण्याऐवजी दारातल्या भांड्यात द्यावे आणि दिव्याला वापरावे. अभिषेक ठरलेल्या वेळी, पाण्याला वाट असलेल्या जागी व्हावा. यातल्या कशासाठी शास्त्र आड येते ते गुरुजींनी सांगावे, कुठे उतार काढता येतो ते गवंड्याने, आणि पैसा कोणत्या खात्यातून जाईल ते विश्वस्तांनी. हे तिघे एका बैठकीला बसायला हवेत. बहुतेक देवस्थानांत त्यांची गाठ पडते ती जीर्णोद्धाराच्या उद्घाटनाला, म्हणजे फरशी बसून झाल्यावर.